दोन बोटं आखूड कागद

एक

"अगं, मला काढतायत," ताई फोनवर म्हणाल्या, अगदी हळू.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कुणी एक शब्द बोललं तर चार ऐकवणाऱ्या. लग्न होऊन मी घरात आले त्या दिवशी भांडी लावण्यावरून आमचं वाजलं होतं, ते आजतागायत वाजतंच आहे. त्या बाईंचा असा एवढासा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्या एका तपासणी केंद्रात काउंटरवर बसतात. रक्त, कान, डोळे, छाती, सगळ्याच्या तपासण्या तिथे होतात. ही नोकरी त्यांना लागली ती माझ्या ओळखीने, कारण त्या केंद्राची वेबसाइट आमच्याच कंपनीने केली आहे. बनवणारे बनवतात आणि मी त्यात कुठे काय मोडतंय ते शोधते. ऑफिसात सगळे मला 'खुसपट' म्हणतात, अगदी तोंडावर. मला त्याचा राग येत नाही. खुसपटं काढण्याचाच मला पगार मिळतो.

मी हातातलं काम टाकून केंद्रावर पोचले. डॉक्टर केबिनमध्ये होते, ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. टेबलावर एक पांढरं पाकीट होतं आणि एक कागद.

"वाचा," डॉक्टर म्हणाले.

जवळच्या शाळेतल्या गाण्याच्या बाईंच्या कानांच्या तपासणीचा तो रिपोर्ट होता. डावा कान जवळजवळ गेलेला. खाली कुणीतरी एक ओळ चिकटवली होती, टाइप केलेली: 'अशा बाई गाणं शिकवू शकतात का?'

"सोमवारी हे पाकीट मुख्याध्यापिकांच्या टेबलावर सापडलं," डॉक्टर म्हणाले. "अडीच आठवड्यांपूर्वी शनिवारी त्यांच्या शाळेतले नऊ जण इथे तपासायला आले होते. ज्याचा रिपोर्ट त्यालाच द्यायचा, शाळेलासुद्धा नाही, असं मी लिहून दिलंय. आता त्या बाईंची नोकरी जायची वेळ आलीये आणि माझी अब्रू गेलीये."

"पण ताईंनी काय केलं?"

"साइटच्या नोंदवहीत हा रिपोर्ट दोनदा उघडल्याचं दिसतंय. मंगळवारी संध्याकाळी, तो त्या बाईंनी स्वतः पाहिला. आणि गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला. तेव्हा त्या वर्गात गाणं शिकवत होत्या, तीस मुलं साक्षीला आहेत. दुसऱ्याचा रिपोर्ट उघडता येतो तो फक्त आमच्या काउंटरवरून. काउंटरवर कोण असतं?" त्यांनी ताईंकडे पाहिलं. "आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात तुमच्या जाऊबाई शाळेत जाऊन त्या बाईंशी भांडून आल्या होत्या."

"माझ्या मुलीला समूहगानातून काढलं म्हणून," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "भांडले, हो. पण तोंडावर भांडले. असलं काळं काम मी करेन का?"

"उद्या बारा वाजता मुख्याध्यापिका येणार आहेत. त्यांना मला नाव द्यावं लागेल. दुसरं नाव मिळालं तर ते देईन. नाही मिळालं तर..."

रिपोर्ट फोडला असा शिक्का बसलेल्या बाईला पुन्हा कुठल्या काउंटरवर कोण बसवणार? भाऊजी पाठीच्या दुखण्याने दोन वर्षं घरात आहेत. ताईंचं घर चालतं ते या एका खुर्चीवर.

दोन

"कागद मी हातात घेऊ?" मी विचारलं.

"घ्या. पण फाडू नका."

मी तो उजेडात धरला, मग टेबलावरच्या कोऱ्या कागदावर ठेवला. वरच्या कडा जुळवल्या. खाली कोरा कागद बाहेर डोकावत राहिला, बरोबर दोन बोटं.

"हा कापलाय," मी म्हटलं.

"कापला असेल. पकडलं जाऊ नये म्हणून."

"डॉक्टर, वर तुमच्या केंद्राचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत तसंच ठेवलंय. लपवायचं असतं तर ते कापलं असतं. खालची कोरी पट्टी कापून काय मिळणार होतं?"

खुसपट सापडलं की माझ्या डोक्याला खाज सुटते, ती सुटली होती. कापही बघण्यासारखा होता. कात्रीने कापलं की कड थोडी तरी वाकडी जाते. ही पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. एक, कागदाच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती, छापणाऱ्या यंत्रात काही खराब झालं की उमटते तशी. ताईंच्या काउंटरचा प्रिंटर मी तिथल्या तिथे चालवून पाहिला. स्वच्छ. शिवाय काउंटरवरून छापलं की केंद्राच्या छापील कागदावर निघतं, त्यावर डॉक्टरांची खूण असते. हा कागद साधा होता.

दुसरी गोष्ट मला आधीपासून माहीत होती. वेबसाइटवर रिपोर्ट उघडला की त्याच्याखाली एक पिवळी चौकट दिसते. डॉक्टर तिच्यात पेशंटसाठी दोन शब्द लिहितात, म्हणजे गोळी चालू ठेवा, पुन्हा या, असं काहीबाही. पण पान छापलं की ती चौकट गायब होते. हे मी कधीच शोधून लिहून ठेवलं होतं. आमचा बनवणारा म्हणाला होता, "किरकोळ आहे, नंतर बघू." या कागदावरही ती चौकट नव्हती.

"म्हणजे हा वेबसाइटवरून छापलाय," मी म्हटलं. "काउंटरवरून नाही."

"ताईंच्या घरी इंटरनेट नाही का?" डॉक्टर थंडपणे म्हणाले.

मी कागद परत टेबलावर ठेवला. ताईंनी डोळे मिटून घेतले.

तीन

आमच्या बनवणाऱ्याला ऑफिसात 'शॉर्टकट' म्हणतात. मुलगा हुशार आहे, पण दहा पायऱ्यांचं काम दोन उड्यांत करायची त्याला खोड. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"मला एक सांग. पेशंट पहिल्या पानावर काय करतो?"

"मोबाइल नंबर टाकतो. त्याला आकडे येतात, ते टाकतो. मग साइटला कळतं की हा खरा माणूस आहे."

"मग?"

"मग पहिलं पान दुसऱ्या पानाला सांगतं, की अमुक माणूस आलाय, तमुक रिपोर्ट हवाय. दुसरं पान रिपोर्ट दाखवतं."

"सांगतं म्हणजे कसं?"

"पत्त्यातून. वर पट्टीत पानाचा पत्ता असतो ना, त्याच्या शेपटीला दोन आकडे जोडलेत. एक येणाऱ्याचा नोंदणी नंबर, दुसरा रिपोर्टचा."

"आणि दुसरं पान हे तपासतं का, की हा रिपोर्ट याच माणसाचा आहे?"

शॉर्टकटने खांदे उडवले. "पहिल्या पानाने तपासलंय की."

मोठ्या इमारतीत पहारेकरी तुम्हाला नीट तपासतो, मग पेन्सिलीने खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी तुमच्याच हातात देतो. आतला माणूस तुमचं तोंडही न बघता चिठ्ठीवरची खोली उघडतो. जिन्यात तुम्ही नंबर खोडून दुसरा लिहिलात तर? कोण विचारणार?

"पण रिपोर्टचा नंबर पत्त्यात दिसत नाही," शॉर्टकट घाईने म्हणाला. "तो मी लपवलाय."

"कसा?"

"उलटा करून."

मी डोक्याला हात लावला. महिन्याभरापूर्वीच मी आणि ताईंनी एकदमच तिथे तपासून घेतलं होतं. माझ्या पावतीवर नंबर ३९९२६, त्यांच्या पावतीवर ३९९२७. मी ताईंना फोन लावला. "ताई, मी तुमचा रिपोर्ट उघडून बघू का? घरबसल्या, चोरासारखा?"

"बघ बाई. आता काय लपवायचं राहिलंय?"

मी माझ्या मोबाइलवरून शिरले. माझा रिपोर्ट आला. वर पत्त्यात शेवटी ६२९९३. मी पहिला सहा खोडला, सात लिहिला. ७२९९३. बटण दाबलं.

ताईंचं नाव, ताईंचं वय, ताईंचा रिपोर्ट समोर आला.

"ताई! तुमचं हिमोग्लोबिन आठ आहे! आणि घरात एका शब्दाने बोलला नाहीत?"

"ते सोड. उघडलं का?"

"उघडलं." मी नोंदवही पाहिली. तिथे नवी ओळ आली होती: ताईंचा रिपोर्ट, दुपारी तीन दहा. मी पाहिला होता आणि माझं नाव कुठेही नव्हतं. नोंदवही फक्त कुणाचा रिपोर्ट उघडला ते लिहीत होती. कुणी उघडला, हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मग मी ते पान छापलं. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत अख्खा पत्ता उमटला होता. त्यात माझा स्वतःचा नोंदणी नंबर होता, ठसठशीत. मी बोटं लावून मोजलं. तळापासून दोन बोटं.

तर त्या पट्टीवर कापणाऱ्याची स्वतःची ओळख होती. काउंटरवरून असा पत्ता छापलाच जात नाही.

"सगळे पत्ते कुठे साठवतो का आपण?"

"सात दिवस. मग पुसले जातात," शॉर्टकट म्हणाला. तो गुरुवार होऊन तेरा दिवस झाले होते.

मी जुन्या तक्रारींची यादी उघडली. एवढी मोठी चूक माझ्या नजरेतून सुटली कशी? नव्हतीच सुटली. एकशे बारावी तक्रार माझीच होती: 'पानाच्या पत्त्यात रिपोर्टचा नंबर दिसतो.' शॉर्टकटचा शेरा: 'दुरुस्त केलं.' त्याखाली तपासणाऱ्याचा शेरा: 'आता नंबर दिसत नाही. तक्रार बंद.'

शेवटी तपासणाऱ्याचं नाव होतं. माझं.

चार

तो शुक्रवार मला आठवला. साइट सोमवारी सुरू व्हायची होती आणि पाच वाजता मला कुठेतरी पोचायचं होतं. पत्त्यात वेगळाच आकडा दिसला आणि मी पाच मिनिटांत तक्रार बंद केली. नंबर दिसतो का, एवढंच पाहिलं. दुसऱ्याचा नंबर टाकला तर काय होतं, ते करून पाहिलं नाही. चाचणी करणाऱ्याने करायची ती पहिली गोष्ट, आणि तीच मी केली नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी नऊला मी शाळेत होते. मुख्याध्यापिकांच्या दारासमोर फलक होता, त्यावर सूचना लावल्या होत्या. मी सहज वर पाहिलं आणि जागीच थांबले. प्रत्येक कागदाच्या डाव्या बाजूला केसाएवढी काळी रेघ.

"हे कुठे छापता?" मी मुख्याध्यापिकांना विचारलं.

"शिक्षकांच्या खोलीत. तो एकच प्रिंटर आहे. का?"

"तो रिपोर्ट इथे छापलाय."

"तुमच्या जाऊबाईंची मुलगी याच शाळेत आहे," त्या सावकाश म्हणाल्या.

झालं! ताईंना सोडवायला गेले आणि फास आणखी आवळला. मी घाईघाईने सांगितलं, की त्या गुरुवारी अकरा ते बारा ताईंनी हाताने सही करून सतरा पावत्या दिल्यात आणि मुलं शिक्षकांच्या खोलीत जात नाहीत. मुख्याध्यापिकांनी वेळापत्रक काढलं. अकरा चाळीसला पाचवा तास चालू असतो. त्या तासाला गुरुवारी मोकळे तिघेच: उपमुख्याध्यापक, संगणकाचे सर आणि चित्रकलेच्या बाई.

घड्याळात सव्वानऊ झाले होते.

उपमुख्याध्यापक फायलींच्या ढिगामागे बसले होते. "हे बघा, मला कुणाच्या कानाशी देणंघेणं नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी गाणं आणि चित्रकला मिळून पूर्णवेळ जागा एकच राहणार. कुणाची ठेवायची ते या महिन्यात ठरवायचंय. पत्र मला नकोच होतं. आता काही ठरवलं तरी लोक म्हणणार, पत्रामुळे ठरवलं."

"तुम्ही तुमचा रिपोर्ट वेबसाइटवर पाहिला?"

"मी? माझा मोबाइल नातू लावून देतो तेव्हा लागतो. केंद्रावर जाऊन काउंटरवरून कागद घेऊन आलो." त्यांनी खणातून कागद काढला. केंद्राच्या छापील कागदावर, डॉक्टरांच्या खुणेसकट.

संगणकाचे सर प्रश्न विचारायच्या आधीच बोलायला लागले. शिक्षकांच्या खोलीतल्या संगणकावर कुणी काय पाहिलं ते कळेल का, असं मी विचारलं तर म्हणाले, "नाही कळणार. मी दर शनिवारी सगळं पुसतो."

"सगळं?"

"दर शनिवारी. तीन वर्षं. वहीत लिहिलंय." त्यांचा आवाज चढला. "माझ्यावर संशय येणारच, मला माहीत होतं. संगणक म्हटलं की मी!"

"तुमची तपासणी कधी झाली?"

ते लाल झाले. मग कुजबुजत म्हणाले, "झालीच नाही. मला सुईची भीती वाटते. पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिलो. कृपा करून मुख्याध्यापिकांना सांगू नका."

हसू आलं तरी मी ते दाबलं. ज्याची केंद्रावर नोंदच नाही, त्याला वेबसाइटचं पहिलं पानच आत घेत नाही.

पाच

चित्रकलेच्या बाई वर्गात एकट्या होत्या. खिडकीपाशी मोठ्या लाकडी पाटावर कागद कापायचं पातं होतं, मूठ धरून खाली ओढायचं. माझी नजर तिकडे गेली.

"ते सगळेच वापरतात," त्या सहज म्हणाल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पन्नाशीच्या, शांत, बोटांना रंग लागलेले. "तुम्ही आलात ते बरं केलंत. कुणीतरी तिची बाजू घ्यायला हवी. आम्ही बारा वर्षं एका टेबलावर डबा खातो हो. त्या दिवशी रांगेतही मी तिच्याच मागे उभी होते."

"त्यांनी तुम्हाला कानाबद्दल सांगितलं होतं?"

"कधीच नाही. मला सगळ्यांबरोबर सोमवारीच कळलं, मुख्याध्यापिकांनी बोलावून कागद दाखवला तेव्हा. वाईट वाटलं. मला तरी सांगायचं ना!" त्यांचे डोळे खरंच भरून आले. "सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलंय, तोवर काही पक्कं नाही. तेवढ्यात या माणसाने तिच्या आयुष्याचा खेळ केला."

मी मान हलवली, आभार मानले आणि बाहेर आले. जिन्याच्या मधल्या पायरीवर पाय अडखळला.

सहा महिने?

तो कागद कालपासून मला पाठ झाला होता. डावा कान, उजवा कान, आकडे, तारीख, चिकटवलेली ओळ. त्यात सहा महिने कुठेच नव्हते.

मी संगीताच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेले. गाण्याच्या बाई पेटी पुसत बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची थोडी वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

"बाई, एकच विचारते. डॉक्टरांनी वेबसाइटवर, पिवळ्या चौकटीत, तुमच्यासाठी काही लिहिलं होतं?"

त्यांचा हात थांबला. "सहा महिन्यांनी परत या, तोवर काही पक्कं सांगता येत नाही, असं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही हे कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. घरीसुद्धा नाही, आई घाबरते. फोनवर वाचलं आणि बंद केलं."

दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. हे कळूनही मला आनंद झाला नाही. ज्या बाईंनी मला पाणी दिलं होतं, त्यांच्याकडे मला परत जायचं होतं.

सहा

मी चित्रकलेच्या वर्गाचं दार लावून घेतलं.

"तुमच्या पावतीचा नंबर बघू शकते?"

"कशाला?" म्हणत त्यांनी पर्स उघडली. ४०७१९.

"तुमच्या पुढे गाण्याच्या बाई होत्या. म्हणजे त्यांचा ४०७१८. तुमचा रिपोर्ट उघडला की वर पत्त्यात ९१७०४ दिसतं. नंबर उलटा आहे हे तुमच्या लक्षात आलं. पहिला नऊ खोडून आठ लिहायचा, बस."

"मला संगणकातलं काही कळत नाही."

"कळायची गरजच नाही, हाच तर घोळ आहे." माझा आवाज मलाच कठोर वाटला. "बाई, मघाशी तुम्ही सहा महिने म्हणालात. कागदावर ते नाही. छापताना ती चौकट गळते. ते वाक्य जगात तिघांनाच माहीत असायला हवं होतं: लिहिणारे डॉक्टर, वाचणाऱ्या गाण्याच्या बाई, आणि ते पान ज्याने उघडलं तो माणूस. त्या तासाला मोकळे तिघे होते. एकाने केंद्राच्या साइटवर कधी पाऊल टाकलं नाही, एकाची तिथे नोंदच नाही. उरलात तुम्ही. खालची पट्टी कापलीत, कारण तिच्यावर तुमचा नंबर छापला गेला होता."

त्यांनी पात्याची वर राहिलेली मूठ खाली दाबली.

"मी आधी सहज करून पाहिलं," त्या म्हणाल्या. "वाटलं, उघडणार नाही. एवढं मोठं केंद्र, कुठेतरी अडवतील ना मला? अडवलंच नाही. तिचं नाव समोर आलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "जागा एकच राहणार. ती माझ्यापेक्षा लाडकी, मुलांची, सगळ्यांची. मला या वयात कोण ठेवणार? तो कागद मी दहा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. रोज तिच्यासमोर डबा खाल्ला. मग त्या सोमवारी..."

"तुमच्यामुळे एका काउंटरवरच्या बाईची नोकरी बारा वाजता जाणार आहे. तिला तुम्ही ओळखतही नाही."

"कुणाची?"

"माझ्या जाऊबाईंची."

त्या उठल्या. "चला," म्हणाल्या. "मुख्याध्यापिकांना मी सांगते. तुम्ही नुसत्या बरोबर या, मला एकटीला तो व्हरांडा पार होणार नाही."

मी त्यांचा हात धरला. राग होता, खूप होता, तरी धरला. त्यांना अडवायला हवं होतं ते मी, आणि त्या शुक्रवारी मी तिथे नव्हते.

सात

बाराला दहा कमी असताना आमच्या साहेबांचा फोन आला.

"ऐकलं सगळं. शाब्बास. आता लेखी देताना एवढंच लिही, की एका पेशंटने साइटचा गैरवापर केला. पानं, पत्ते, तक्रारी, ते काही नको. हे काम हातचं जाईल, कळतंय ना? आणि सगळ्यात आधी तुझंच नाव येईल."

"साहेब, तेवढंच लिहिलं तर डॉक्टर म्हणतील, काउंटरवरून कुणी मदत केली असेल. पान कसं उघडलं ते लिहिल्याशिवाय ताई सुटत नाहीत. आणि तिथे आणखी हजारो लोकांचे रिपोर्ट आहेत, ते आत्ता या घडीला तसेच उघडे आहेत."

"विचार कर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

केबिनमध्ये डॉक्टर होते, मुख्याध्यापिका होत्या आणि भिंतीला टेकून कालच्याच जागी ताई. मी सगळं सांगितलं. पहिलं पान, दुसरं पान, चिठ्ठी, उलटा नंबर. मग डॉक्टरांच्याच संगणकावर, ताईंना विचारून, त्यांचा रिपोर्ट पुन्हा उघडून दाखवला. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिथल्या तिथे साइट बंद करायला लावली.

"ताई, मी चुकलो," ते म्हणाले. "तुमच्या खुर्चीवर बसा. मी तुम्हाला लेखीही देतो."

ताईंनी मान हलवली.

"पण तुमच्या कंपनीत हे तपासलं कोणी होतं?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "हे बरोबर आहे असा शेरा कुणीतरी मारलाच असेल. काल तुम्ही गेल्यावर मी तुमच्या जाऊबाईंना तीनदा विचारलं. म्हटलं, तुम्हाला त्या कंपनीतली माणसं माहीत आहेत, साइट कुणी तपासली त्याचं नाव सांगा, कदाचित चूक त्यांची निघेल आणि तुम्ही सुटाल. तिन्ही वेळा म्हणाल्या, मला काय माहीत."

मी ताईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या.

त्यांना पक्कं माहीत होतं. साइट सुरू झाली तेव्हा घरात मीच छाती फुगवून सांगितलं होतं, एकेक पान माझ्या हाताखालून गेलंय म्हणून. एक नाव घेतलं असतं तर संशय माझ्याकडे सरकला असता. स्वतःची नोकरी जात होती तरी बाईंनी कानावर हात ठेवले.

"मी तपासलं होतं," मी म्हटलं. "शेरा माझा आहे."

मी कागद ओढून लिहायला बसले. तक्रार एकशे बारा, बंद केली, चुकीने, आणि माझं पूर्ण नाव. तक्रार एकशे तेरा, पिवळी चौकट छापली जात नाही, अजून उघडी. जी आम्ही किरकोळ म्हणून तशीच सोडली होती तिने चोर पकडून दिला, आणि जी मी मिटवली तिने चोराला आत घेतलं. खाली सही केली.

मुख्याध्यापिका जाता जाता म्हणाल्या, की गाण्याच्या बाईंना त्या सकाळी एक गोष्ट कळली. मुलांना त्यांच्या कानाचं वर्षभर माहीत होतं. गाताना मुलं न बोलता त्यांच्या उजव्या बाजूला सरकून उभी राहायची. बाईंची जागा राहील की नाही हे अजून ठरायचं होतं, पण आता ते पत्रावरून ठरणार नव्हतं.

ताई मला दरवाजापर्यंत सोडायला आल्या.

"नाव का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "माझी नोकरी गेली असती तर गेली असती. माझ्या घरी दुसरा पगार आहे. तुमच्या घरी नाही."

"त्या शुक्रवारी तुला फोन कुणी केला होता?" ताई म्हणाल्या. "पाचला पोरीचं गाणं आहे, नीघ लवकर, तुझी कामं काय पळून जातायत, असं कोण ओरडलं होतं? मीच ना? तू धावत आलीस. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. आता त्याच दिवसाच्या चुकीसाठी मी तुझं नाव घेऊ? मला जमलं असतं का ते?"

मला रडू फुटलं, भर काउंटरसमोर, लोक बघत असताना. ताईंनी नेहमीच्या आवाजात, म्हणजे चांगल्या मोठ्याने, मला झापलं, "पुरे आता! रांग वाढतेय माझी." आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. पुढच्या माणसाची पावती फाडताना त्यांनी तिच्यावर तळहात आडवा धरला, मागच्याला नंबर दिसू नये म्हणून.

मी पायरी उतरत होते तेवढ्यात मागून हाक आली. "आणि ए, ते हिमोग्लोबिनचं घरात कुणाला सांगायचं नाही हं!"

नाही सांगितलं. इथे लिहिलंय तेसुद्धा त्यांना विचारून.